एकेचाळीस बिया

“मातीत हात घालून बघितलास का?” कुंपणापलीकडून ओल्हानं विचारलं.

बघितला होता. मनगटापर्यंत पंजा वाफ्यात खुपसून मी आकडे मोजायला सुरुवात केली आणि तिसाला पोचायच्या आतच बोटं ठणकायला लागली. हीच परीक्षा माझ्या वडिलांची, अण्णांचीही होती. पौषातल्या पेरणीच्या वेळी ते लहानपणी मला वाफ्यापाशी बसवायचे. शंभर मोजेपर्यंत हात मातीत सुखानं राहिला तर पेरायचं, नाही राहिला तर गुमान घरी जाऊन चहा प्यायचा. पण ते लातूर होतं. हे कॅनडातलं सॅस्काटून. मे महिन्याची सहा तारीख उजाडली होती आणि आमच्या गॅरेजच्या सावलीत काळपट बर्फाचा ढीग अजून तसाच बसलेला होता.

“बघितला,” मी म्हणाले. “चालेल.”

“चालणार नाही.” ओल्हाला शहात्तरावं चालू होतं. तिचे आजी-आजोबा युक्रेनहून इथे आले, तेव्हापासून त्यांच्या घरात सूर्यफुलं लावतात. “अजून दोन आठवडे थांब, मेचा लाँग वीकेंड होऊ दे. तोवर घरात कागदी कपात रोपं कर, खिडकीत ठेव. माझ्या आजीनं कधी त्याआधी बाहेर पेरलं नाही, आईनं नाही, मी नाही.”

“आज आमचा चांगला दिवस आहे. आज पेरलेलं वाया जात नाही.”

“आणि हे जमिनीला कोणी सांगितलंय?”

तिला काय सांगणार? त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती, आमच्याकडची आखिती. सकाळीच आईचा फोन येऊन गेला होता. “आजचा दिवस सोडू नको मंदे. आन् हात आखडता घेऊ नको. आखितीला राखून-बिखून ठेवायचं नसतं.” खरं सांगायचं तर मुहूर्त हे निमित्त होतं. मला घाई होती ती वेगळ्याच गोष्टीची. अण्णांच्या यकृतात गाठ होती आणि लातूरच्या डॉक्टरांनी माझ्या भावाला, बालाजीला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, जुलैअखेरपर्यंत धरून चाला. माझ्या हातातल्या बियांना फूल यायला पंच्याऐंशी दिवस लागतात. कपातलं रोप मला नको होतं, मूळ हललं की सूर्यफूल खुंटतं असं अण्णा म्हणायचे, आणि लाँग वीकेंडपर्यंत थांबून बी पेरलं असतं तर ऑगस्ट अर्धा सरला असता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी माझी गत झाली होती, फक्त इथे लग्न कोणाचं नव्हतं.

बिया एकेचाळीस होत्या. जगात तेवढ्याच होत्या.

अण्णा एका तेलबियांच्या संशोधन केंद्रावर शेतमजुरांवरचे मुकादम होते. शास्त्रज्ञ नव्हते, दहावी नापास होते. पण परसात एकोणीस वर्षं त्यांनी स्वतःचं एक सूर्यफूल निवडत, वेचत, पुन्हा पेरत तयार केलं होतं. सूर्यफुलाचे दाणे पोपट खातात, उभ्या फुलावर ऐटीत बसून खातात. अण्णांचं फूल उमलल्यावर तिसऱ्या दिवशी मान खाली घालायचं, पार जमिनीकडे. पोपटाला बसायला जागाच राहायची नाही. इतर सूर्यफुलंही पिकल्यावर वाकतात, पण तोवर पोपटांचं जेवण उरकलेलं असतं. आईनं त्याचं नाव ‘लाजरी’ ठेवलं होतं. केंद्रातल्या साहेबांनी एकदा बघून “छान छंद आहे” म्हटलं आणि गाडीत बसून गेले. अण्णांनी ते शब्द आयुष्यभर लक्षात ठेवले.

मग परस रस्तारुंदीत गेलं. अण्णा आजारी पडले. दोन वर्षं पेरणी झाली नाही, आणि लातूरच्या उन्हाळ्यात डब्यात पडलेलं सूर्यफुलाचं बी तिसऱ्या वर्षी उगवेलच याची खात्री नसते. बालाजी पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो, त्याच्याकडे कुंडीतली तुळससुद्धा जगत नाही. उरले मी. माझ्याकडे परस होतं, भलेही सहा महिने बर्फाखाली असणारं. ओळखीच्या एका बाईंबरोबर मेतकुटाच्या डब्यातून त्या एकेचाळीस बिया माझ्याकडे आल्या.

एप्रिलमध्ये मी ओल्हाकडे गेले होते, एक अवघड गोष्ट मागायला. सूर्यफुलांची भेसळ मधमाश्या करतात, शेजारी दुसरी जात असली की बी बाटतं. “या वर्षी तुम्ही कुंपणाशी सूर्यफुलं लावू नका. फक्त हे एक वर्ष.”

“चाळीस वर्षं लावतेय मी,” ती म्हणाली होती.

“माझे वडील जाणार आहेत.”

ती कुंपणापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, “बरं. तुझ्या बापासाठी.”

त्याच ओल्हासमोर त्या दिवशी मी ठणकणाऱ्या बोटांनी एकेचाळीस भोकं केली, प्रत्येकात एकेक बी टाकलं आणि माती लोटली. ती नकारार्थी मान हलवत घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा. ही आमची रोजची वेळ.

“घातलं का बी?” अण्णांनी विचारलं.

“घातलं.”

“हात घालून बघितलास? शंभर मोजले?”

“मोजले.”

“किती राखलंस?”

ही त्यांची दुसरी शिकवण. बी कितीही कमी असो, सगळं कधी पेरायचं नाही, मूठभर मागे ठेवायचं. मला ती पाठ होती. पण आईचं ‘हात आखडता घेऊ नको’ कानात होतं, आणि त्याहून जास्त माझा लोभ होता. जितक्या बिया तितकी आशा.

“अकरा राखल्या,” मी म्हणाले.

“शाणी माझी माय,” अण्णा म्हणाले.

सतरा दिवस काहीच उगवलं नाही. रोज सकाळी मी झोपेतून उठून थेट वाफ्याकडे जायची. माझा नवरा प्रमोद पोटॅशच्या खाणीत इंजिनियर. तो शिफ्टला निघताना खिडकीतून मला मातीवर ओणवी झालेली बघायचा आणि डबा उचलून निघून जायचा. अठराव्या दिवशी माती तडकली. तीन दिवसांत सोळा रोपं वर आली, दोन-दोन पानांची, डोक्यावर बियांची टरफलं तशीच घेऊन. मी फोनवर किंचाळलेच.

“एकेक करून सांग,” अण्णा म्हणाले. मी वाफ्यापाशी बसून एकेका रोपाचं वर्णन केलं. कोणाचं पान वाकडं, कोणाचं टरफल पडलं, कोणाचा देठ तांबूस. ते वहीत टिपून घेत होते, पेन्सिलीचा आवाज येत होता. नंतर रजा काढून लातूरला आलेला बालाजी फोनवर आला. “ताई, आज त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. आठ दिवसांत पहिल्यांदा.”

सत्तावीस तारखेला दुपारी रेडिओवर सांगितलं, आज पारा उणे सहावर जाणार, बर्फही पडेल. ओल्हा तिच्या मुलीकडे प्रिन्स अल्बर्टला गेली होती. प्रमोद खाणीत. मला विचारायला कोणी नव्हतं आणि मला विचारायचं सुचलंही नसतं, कारण थंडीत काय करायचं हे मला माहीत होतं. थंडीत पांघरूण घालायचं.

मी कपाट उघडलं. आधी सुती साड्या काढल्या, मग आईनं दिलेली इरकल, मग नारायणपेठी, शेवटी लग्नातला शालू. चांगली जाड, उबदार वस्त्रं. वाफ्यावर एकावर एक पसरली, कडेनं विटा ठेवल्या. ऊन अजून होतं, शालूचा जर चमकत होता. समोरून कुत्रा फिरवत जाणारा माणूस थांबून बघायला लागला तेव्हा मी त्याला हात केला. मला वाटत होतं, मी माझ्या लेकरांना झोपवतेय.

सकाळी वीतभर बर्फ होता. साड्या दिसतच नव्हत्या. मी हातानं बर्फ लोटला, थिजून पत्रा झालेला शालू उचलला, त्याच्याखालची नारायणपेठी, तिच्याखालची इरकल. भिजलेल्या साड्यांचं आणि बर्फाचं ओझं रात्रभर रोपांवर होतं. सोळाच्या सोळा रोपं मातीला चिकटली होती, उकडलेल्या पालकासारखी. एक तरी असेल म्हणून मी प्रत्येक उचलून बघितलं. मग न उगवलेल्या पंचवीस बिया उकरायला लागले. बोटात धरून दाबलं की नुसतं पाणी यायचं. मी एकेक करून पंचविसांपर्यंत गेले. वेड्यासारखी. माझी नखं फुटली होती आणि ते मला दुपारी कळलं.

फोन वाजला. सात वाजले होते. मी लावला नाही म्हणून त्यांनीच लावला होता.

“थंडी कशी हाय?” अण्णांनी विचारलं.

ओला, गोठलेला शालू माझ्या हातात होता.

“मस्त ऊन पडलंय अण्णा.”

“सोळाच्या सोळा?”

“सोळाच्या सोळा.”

“मग ठीक. मला उगं रात्री सपान पडलं.”

खरं सांगायचं मी ठरवलं होतं, संध्याकाळपर्यंत तरी. मग बालाजीचा फोन आला. “डॉक्टर चकित झालेत ताई. म्हणतात, पेशंट कशाची तरी वाट बघायलाय. कशाची ते तुला-मलाच माहीत.” मी फोन ठेवला, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. एकोणीस वर्षं एका माणसानं जपलेली गोष्ट मी तीन आठवड्यांत संपवली होती. थंडीनं नाही, मी संपवली होती. थंडी तर रेडिओवर सांगून आली होती.

ओल्हा दुसऱ्या दिवशी परतली. वाफा बघून तिनं टोपी काढली.

“कशानं झाकलंस?”

मी दोरीवर वाळत घातलेल्या साड्या दाखवल्या.

“अगं, बादल्या!” ती म्हणाली. “प्रत्येक रोपावर एक पालथी बादली. इतक्या लहान रोपाला थोडा गारठा सोसतो. पण ओलं कापड पानाला टेकलं की गारठा सरळ पानात उतरतो.”

“मला ठाऊक नव्हतं.”

“आणि मी सांगायला इथे नव्हते.” ती घरात गेली आणि तीन कागदी कप घेऊन आली. प्रत्येकात वीतभर उंचीचं, जाड देठाचं रोप. “मुलीसाठी खिडकीत केली होती. दहा तिला दिली, तीन उरली. घे.”

“ही त्यांची नाहीत.”

“नाहीत,” ओल्हा म्हणाली. “पण सूर्यफुलं आहेत.”

ती रोपं घेताना मी जे ठरवलं ते मी अजून कोणाला नीट सांगितलेलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, माती ऊबदार झाल्यावर, ओल्हानं सांगितलं तसे कपाचे तळ फाडून, मुळं न हलवता मी ती लावली. शंभर मोजून बघितले. हात मातीत सुखानं राहिला, आणि त्या सुखाचा मला राग आला.

पुढचे दोन महिने मी रोज सकाळी सातला खोटं बोलले. एकदा बोललं की दुसऱ्याला पाय फुटतात. सोळा रोपांपैकी तेरा सशांनी कुरतडली असं सांगितलं, म्हणजे तीनच उरली हे खरं झालं. अण्णा विचारायचे, उंची किती, पानं किती, देठावर लव कशी. मी पट्टी घेऊन वाफ्यात उभी राहायची आणि ओल्हाच्या रोपांची मापं त्यांना द्यायची. ते टिपायचे.

“लई जोरात वाढायली गं,” एकदा ते म्हणाले. “आपली एवढी उंच न्हाई व्हत.”

“इथे जुलैत रात्री नऊपर्यंत ऊन असतं अण्णा.”

“तसं असंल मग,” ते म्हणाले. त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. जुलै संपला. डॉक्टरांची मुदत संपली. अण्णा होते.

ऑगस्टच्या नऊ तारखेला पहिलं फूल उमललं. ताटाएवढं, पिवळंजर्द. तिसऱ्या दिवशी मी पहाटे उठून बघायला गेले. का गेले कोण जाणे. ते ताठ उभं होतं. चौथ्या दिवशी ताठ, पाचव्या दिवशी ताठ. त्याच दिवशी बालाजीचा फोन आला. तो आठवडाभर लातूरलाच होता.

“ताई, आता पाणीही जात नाही. शुद्ध आहे, पण बोलणं तुटक झालंय. सारखे एकच विचारतात, मान घातली का. फोटो पाठव. आज पाठव, उद्याचा भरवसा नाही.”

मी शिवणाच्या डब्यातून हिरवा दोरा काढला. ब्लाऊजला मॅचिंग म्हणून आणलेला, देठाच्या अगदी रंगाचा. दुपदरी करून फुलाच्या मानेला बांधला, मान दोन्ही हातांनी हळूहळू खाली ओढली आणि दुसरं टोक खाली देठाला आवळून गाठ मारली. मान कुरकुरली. मी थांबले, मग आणखी थोडी ओढली.

प्रमोद कॅमेरा घेऊन उभा होता. “मंदा, हे काय करतेस?”

“तू फोटो काढ.”

“अण्णांना असं...”

“काढ म्हणते ना!”

त्यानं काढला. मी संगणकावर मोठा करून चारचारदा बघितला. दोरा दिसत नव्हता. दिसला नाही म्हणजे नाहीच, अशी माझी समजूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फोन लावला. बालाजीनं आवाज मोठ्यावर ठेवला होता, तिकडचं सगळं ऐकू येत होतं. आईच्या बांगड्या, पंख्याची खटखट.

“अण्णा, हे बघा. ताईचं फूल,” बालाजी म्हणाला.

“मोठं कर.” आवाज ओळखू येत नव्हता.

“हे घ्या.”

“आजून मोठं कर.”

मग काही नाही. फक्त पंखा. इतका वेळ गेला की मला वाटलं, फोन तुटला.

“लाजरीच हाय,” अण्णा म्हणाले.

आईनं हुंदका दिला. “बघितलंत? म्हटलं न्हवतं, आखितीचं पेरलेलं वाया जात न्हाई!”

“बघ की. मान कशी घातलीया.” अण्णा थांबून थांबून बोलत होते. “सातासमुद्रापल्याड उगवली. त्या साहेबाला दावाया पायजे होती.” बालाजी हसला. तिकडे सगळेच हसले. मीही फोनवर हसल्यासारखं केलं.

“बालाजी, आईला घेऊन जा. च्या टाका म्हणावं. मला मंदेसंगं बोलू दे. आन् तो आवाज बारीक कर.”

पावलं लांब गेली. फोन त्यांच्या तोंडाशी आला, श्वास कानात वाजायला लागला.

“मंदे.”

“हं अण्णा.”

“तो दोरा सोड आता.”

मी खिडकीतून वाफ्याकडे बघितलं.

“वारा सुटला तर मान मोडल तिची. ताठ मानेची जात हाय ती. तिला कामून वाकवायलीस?”

“अण्णा, मी... मे महिन्यात थंडी... मी राखलंच नव्हतं अण्णा, एकसुद्धा...”

“असू दे. असू दे माझे माय.” ते दम खायला थांबले. “रोज सांजंला तुझा फोन यायचा. मला तेच पायजे व्हतं. आईला सांगू नको.”

मी रडत होते. त्यांना ऐकू जात होतं, आणि ते थांबले होते, माझं आटपायची वाट बघत.

“ज्याचं असंल त्याला सांग,” ते शेवटी म्हणाले, “फूल लई चांगलं आणलं म्हणावं.”

मी तशीच अनवाणी मागे गेले. गाठ मीच आवळून मारलेली, नखांनी सुटेना. मग वाकून दातांनी तोडली. फुलाचे पराग माझ्या गालाला, नाकाला लागले. दोरा सुटला, पण मान वर आली नाही, तिथेच लोंबत राहिली. मी वाफ्याच्या कडेला बसले. खाणीतून प्रमोदचा फोन येऊन वाजून थांबला, मी उठले नाही.

ऊन कुंपणावरून आत आलं तेव्हा साडेनऊ झाले असतील. फूल बोटभर वर आलं होतं. आणखी थोड्या वेळानं दोन बोटं.

कुंपणापाशी ओल्हा येऊन उभी राहिली. माझ्या पिवळ्या झालेल्या तोंडाकडे तिनं बघितलं, मातीत पडलेल्या हिरव्या दोऱ्याकडे बघितलं.

“वडिलांना फोटो मिळाला?”

“मिळाला.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, फूल फार चांगलं आणलंत तुम्ही,” मी म्हणाले.